शनिवारचं मडकं

बावीस वर्षं मी या हॉलमध्ये
एकच वाक्य दोन भाषांत बोललो :
हात लावू नका. मुट्टबेडी.
काचेवरची बोटं संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायची,
खानापूरच्या पोरांची आणि माझी
ओळख म्हणजे एवढीच.

मग हेरेकर मॅडम आल्या.
म्हणाल्या, रुक्माण्णा, ती पाटी काढा.
खिळा गंजलेला. पाटी निघाली,
भिंतीवर तिच्याएवढा पांढरा चौकोन राहिला.

आता दर शुक्रवारी बाळाप्पाच्या भट्टीवरून
मी एक कोरं मडकं आणतो,
टिचकी मारून, कान लावून, रोख पैसे देऊन.
आणि मागच्या अंगणात पोत्यात गुंडाळून
फोडतो.
बाळाप्पाला हे माहीत नाही.
दर आठवड्याला मडकं नेतो म्हणून
परवा हळूच विचारलं त्यानं,
"घरात सगळी बरी हैत नव्हं गा?"

शनिवारी शाळा सुटली की पोरं येतात.
वाळूच्या परातीत मी पुरलेलं
ब्रशनं, नखांनी, शेवटी फुंकरीनं उकरतात.
कानडी शाळेची शिवलीला, मराठी शाळेचा परशराम
एका खापरीवरून भांडतात.
"इल्ली, इल्ली!"
"अगं तिथं न्हाई, हितं की!"
खापरी दोघांचंही ऐकत नाही,
तिसरीकडेच बसते.
डिंक केसांत, डिंक बाकावर,
डिंक माझ्या युनिफॉर्मच्या बटणाला.

"मामा, हे कुणी फोडलं?"
काळानं, मी म्हणतो.
मॅडमनी तसंच सांगायला शिकवलंय.

शिवलीला खापरीची कड डोळ्याजवळ धरते.
बराच वेळ.
"काळाजवळ पोतं होतं काय?"
चिमटीत सुतळीचा एक धागा.
मग मागच्या दाराकडं बघते,
तिथं वाळत घातलेल्या पोत्याकडं,
मग माझ्याकडं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मला कुणीतरी काचेतल्या वस्तूसारखं न्याहाळलं.
मी हात पाठीमागं नेले.

या शुक्रवारी बाळाप्पाला सगळं सांगून टाकलं.
तो चाकाशी बसून राहिला, चाक थांबेपर्यंत.
मग उठून कोपऱ्यातलं एक आणलं,
भट्टीतच तडकलेलं.
"हे ने. फुकट. हे तसंही गेलेलंच हाय."
मी टिचकी मारली. आवाज बद्द.

नको, म्हटलं,
चांगलं दे.
पोरं ओळखतात.