शेवटून पहिली

हीउमाच्या धक्क्यावर आठ जण उतरले, तार्तूहून आलेले,
पाठीवर पिशव्या, आणि पुस्तक एकच.
मला वाटलं, बाकीची मागून येतील.

"परीक्षेचं काही नाही, हेल्वे," त्रीनू म्हणाली,
"नुसतंच वाचायचं. पाच दिवस. सगळ्यांनी मिळून."
नुसतंच.
आमच्या बेटावर हा शब्द फारसा चालत नाही.
इथे लोक बसले तर जाळी विणत बसतात,
फिरायला गेले तर लाकूडफाटा घेऊन येतात.
मी तिथे रोजावर होते,
सूप रांधायला, भट्टी विझू न द्यायला.

पहिल्या संध्याकाळी कारेलने सुरी मागितली.
पावाची दिली.
त्याने पुस्तकाची पाठ चिरली,
मासा चिरावा तशी, डोक्याकडून शेपटीकडे.
माझ्या हातातला बटाटा खाली पडला.
वीस वर्षं कारखान्यात हेरिंग साफ केले मी,
पण हे नव्हतं पाहिलं.

मग भिंतीकडच्या बाकावर ओळीने बसले, पंगतीसारखे.
वाचून झालेलं पान शेजाऱ्याला द्यायचं.
त्रीनू पहिली. उकू पाचवा.
शेवटी पानं रचायला कुणीतरी हवं होतं,
म्हणून ओले हात पुसून मी बसले, नववी.
रचता रचता एक ओळ वाचली.
मग त्या ओळीची पुढची.

मीठ विकणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट.
ओळीत त्रीनू हसली की मी वाट पाहायची;
ते हसू एकेका तोंडातून चालत चालत
पाऊण तासाने माझ्यापर्यंत यायचं,
पानावर सुपाचा थेंब, पावाचा चुरा, कुणाचा अंगठा घेऊन.
अडायचं ते उकूपाशी.
त्याच्या अलीकडे पानांचा ढीग,
पलीकडे आम्ही उपाशी.
रास्मुस छताच्या फळ्या मोजायचा.
"इतकं हळू का रे?" मी विचारलं.
"घरी एकच पुस्तक होतं," तो म्हणाला,
"पुरवून वाचायची सवय लागली."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्रीनू बाकावरून उठली,
कोट न घालता बाहेर गेली, कुऱ्हाड घेतली.
लाकडं भरपूर होती. तरी फोडत राहिली.
दुपारी लेएलो खिडकीशी जाऊन उभी.
संध्याकाळी उकूने एक पान मांडीवर पालथं ठेवलं
आणि कुणी त्याला घाई केली नाही.

रात्री जेवणानंतर बघते तर
माझी भांडी घासून ठेवलेली.
रास्मुस म्हणाला, "तुम्ही बसा, हेल्वे."
कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

हे मला ओळखीचं होतं.
बोट बुडाल्याची बातमी धक्क्यावर आधी येते,
घरी मागून.
माझा भाऊ गेला त्या दिवशीही
शेजारणी येऊन अशाच माझी भांडी घासत होत्या,
आणि मी आपली विचारत होते, आज काय विशेष?

धाकटी बहीण आहे, मी ठरवलं. धाकटीच असणार.
पान आलं. धाकटीच होती.
माझ्यानंतर पानाला कुणी नव्हतं,
थांबायचं कारण नव्हतं,
तरी आठही जण दिवा न मालवता बसून राहिले.
इम्बीने भट्टीत एक ओंडका सरकवला, तेवढाच आवाज.

पाचव्या दिवशी दहाची बोट.
माझ्याकडे अकरा पानं उरलेली.
कारेल म्हणाला, सांगू का शेवट?
उकूने त्याच्या पायावर पाय दिला.
जाळ्याच्या दोऱ्याने बांधून सगळा गठ्ठा
त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.
धक्क्यावर मी त्रीनूचा चेहरा नीट पाहून घेतला,
शेवट कसा असेल ते कळावं म्हणून.
ती नुसती हात हलवत होती. वारा होता,
डोळ्यांत पाणी त्यानेही येतं.

रोज एक पान, त्याहून जास्त नाही.
आज सहावं झालं.
मोठी बहीण मिठाची गाडी एकटीच ओढत निघाली आहे,
आणि माझ्या घरात पाहुणा कुणी नसताना
मी दुपारीच भट्टी पेटवली आहे.