पीळ नसलेला दोरा

तीन महिने चालली ही खरेदी.
मासा अजून कुणी पाहिला नव्हता.

सियागंजात सैफुद्दीनभाईंनी काउंटरवर
नायलॉनची रिळं मांडली,
पाच किलोचं, आठ किलोचं, बारा किलोचं.
किलो म्हणजे तुटण्याआधी दोरा सोसतो ते वजन.
बाबांनी प्रत्येकाचं टोक चिमटीत धरलं
आणि फुंकर मारली.
"हा ऐकत नाही."
"किसकी, साहब?"
"वाऱ्याची."

माझे बाबा, रघुवीर टोकेकर, स्पिनिंग मास्तर,
एकतीस वर्षं सुताला पीळ देत आले.
इंचात किती वेढे बसले
ते चात्यांच्या आवाजावरून सांगायचे.
मिल बंद झाली तेव्हा हिशोबावर सगळ्यांनी सह्या केल्या,
यांनी नाही केली.
सुंभ जळाला, एवढंच आई म्हणायची,
आणि उरलेली म्हण
पोळपाटावर लाटून टाकायची.

आता त्यांना हवा होता
एकही वेढा नसलेला दोरा.
शीतलामाता बाजारात भरतकामाचं रेशीम मिळालं,
न वळलेलं, नुसतं शेजारी शेजारी ठेवलेलं.
"गुलाबी घ्या," मी म्हटलं, "दिसेल तरी."
"मला दिसून काय करायचंय?
वाऱ्याला दिसला म्हणजे झालं."
पांढरा घेतला. वीस हात.

काठी चौदा फुटांची.
ती झुलवून बघायला भर रस्त्यात उभे राहिले,
मागे दोन टेम्पो आणि एक शववाहिका
गुपचूप थांबून राहिली.
मग तिचे तीन तुकडे. जोडांना पितळी नळ्या,
जवाहर मार्गावरच्या बँडवाल्याच्या
मोडक्या क्लॅरिनेटमधून काढलेल्या.
गळ आधी दहा नंबरचा, मग बाराचा.
"नंबर चढला की वस्तू बारीक होते," बाबा खूश,
"अगदी सुतासारखं!"
इतके खूश मी त्यांना
माझ्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

नाकतोडे मी पकडले, कॉलनीच्या मागच्या प्लॉटवर.
जीरावनच्या रिकाम्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून.
रात्रभर आतून टकटक येत होती.

यशवंत सागर. गेंदालाल केवटाची नाव.
बाबा मला समजावत होते,
दोरा पाण्याला लागता कामा नये,
भिजला की संपला.
वाऱ्याने तो उचलून धरायचा
आणि नाकतोड्याने फक्त पाय टेकवायचे,
घरात शिरू की नको, असं करत.
मासा वर आला तर ओढायचं नाही.
तीन मोजायचे. त्याला खाली वळू द्यायचं.
"आणि सोडून गेला तर?"
"तर गेला."
हे बाबा म्हणाले. हिशोबावर सही न करणारे बाबा.

वारा आला नाही.
सात वाजले, नऊ वाजले, साडेदहा.
दोरा काठीच्या टोकाला लोंबत राहिला
वाळत घातलेल्या शेवईसारखा.
गेंदालालने बिडी पेटवली, धूर सरळ वर गेला,
आम्ही तिघं त्या धुराकडे बघत बसलो.
"काल तो घणी थी," तो म्हणाला,
जणू त्याच्याच घरचं कुणी
न सांगता गावाला गेलं होतं.
नाकतोडे बाबांनी काठावरच्या गवतात सोडले.
एक जाईना. त्याला डब्याची सवय झाली असावी.

परतताना हातोद रोडवर
बाबा स्कूटरवर माझ्या मागे, काठीचे तुकडे मांडीवर आडवे.
मी चौथा गिअर टाकला
आणि आरशात काहीतरी पांढरं हललं.
खिशातलं रेशीम सुटलं होतं.
वीस हात, पूर्ण लांबीने, सरळ, हवेत,
एका ट्रॅक्टरच्या नाकासमोर
पाय टेकवू की नको, असं करत.

"थांबू?" मी ओरडले.
"ओढू नकोस," बाबा म्हणाले,
आणि माझ्या खांद्यावर बोटाने
मोजायला लागले.
एक.