दहा बाय बारा

चोपड्याच्या बाजारात हिलाल शिंपी
पायमशीनवर ताडपत्र्या शिवतो.
मी आत शिरले तेव्हा त्याच्या मांडीवर
अख्ख्या ट्रकची निळाई पसरलेली,
आणि ओठांत धरलेल्या चार पितळी रिंगा.

"काय झाकनं शे, ताई?"
मका? कांदा? मिरचीचं खळं?
मी म्हटलं, मला.
त्यानं रिंगा तोंडातून काढून तळहातावर ठेवल्या.

मग सगळंच सांगावं लागलं.
की मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुते,
की महिन्यातून दोन रात्री
उनपदेवच्या वर, सातपुड्याच्या पहिल्या चढावर
दोन सागांना झोळी बांधून झोपते,
एकटी, हो, मुद्दाम.
की जमिनीवर विंचू असतात आणि घरात टीव्ही,
आणि दोघांपासून सारखी लांब अशी जागा
मला तेवढीच सापडली आहे.
ताडपत्री एकच हवी,
बाराही महिने चालणारी.

तो हसला नाही.
टेप भिंतीला लावला, म्हणाला, टेका पाठ.
पाच फूट एक इंच.
आणि झोळी ताणल्यावर? दहा फूट.
"मंग बारा. डोकाकडे एक, पायकडे एक.
पाऊस सरळ पडस, हाई कोनी सांगं तुमले?"

निळी नको; निळीखाली माणूस बुडालेला दिसतो.
चंदेरी उन्हाळ्यात बरी,
पण चांदणं पडलं की डोंगरभर चुगली करते.
काळी म्हणजे तवाच.
अडीचशे जीएसएमची उचलून बघितली,
खांदा म्हणाला, चढावर तू ने, मी इथेच थांबतो.
सत्तरची इतकी हलकी
की दुकानातल्या पंख्यानेच तिला
दारापर्यंत नेऊन दाखवली.
शेवटी एकशेवीसची, मातकट,
फैजपूरच्या कुणी केळीवाल्यानं
सांगून ठेवलेली आणि न नेलेली.

मेमध्ये तापेल, मी म्हटलं.
वर बांधा, हात पुरेल तेवढी,
आणि दुपारी निजू नका.
पौषात अनेरच्या अंगाने वारा येतो.
दोन्ही टोकांना पाखं शिवतो,
दारासारखी लावा, नको तेव्हा गुंडाळा.
आणि वैशाखातली वावटळ?
एका रात्रीत केळीचे बाग आडवे करते ती?
मशीनचं चाक त्यानं हातानं थांबवलं,
जरा विचार केला.
"तवय घर जा."

साडेअकराशे, शिलाई धरून.
पन्नास रुपये सोडायला तयार नव्हता,
पण जाताना सुताची एक वात दिली, फुकट.
झोळीच्या दोरीला बांध म्हणाला, पाखाच्या आत, वितीवर.
पाणी छपरातून येत नाही, ताई,
पाणी दोरीवरून चालत येतं,
आणि माणूस वर बघत राहतो.

भाद्रपदात पहिल्यांदा नेली.
अर्धा तास खपून बांधली, चारही खुंट्या ताठ,
स्वतःवरच खूष होऊन चहा ठेवला,
तेवढ्यात दुरसिंग पावरा बकऱ्या घेऊन उतरला
आणि म्हणाला, बाई, ही डुकरांची वाट आहे.
सोडली. दहा पावलं सरकवली.
तोवर पाऊस आला, तोवर अंधार,
आणि ताडपत्रीचं डोकं कुठलं, पाय कुठले,
काही केल्या कळेना.
बोटं चाचपडत गेली काठावरून,
रिंग, रिंग, रिंग,
आणि एका रिंगेपाशी जाड गाठ,
दोऱ्याचा वेगळा टाका.
घरी उजेडात बघितलं तर लाल होता.
हे त्यानं सांगितलं नव्हतं,
पैसेही लावले नव्हते.

मग आडवी झाले.
दोरीवरून एक थेंब निघाला,
सावकाश, माझ्याच दिशेनं,
वातीपाशी आला,
थबकला,
खाली गेला.
त्याच्या मागून दुसरा.
विश्वास बसेना म्हणून बॅटरी लावून
पहाटेपर्यंत मोजत राहिले,
एवढ्या लांब झोपायला आलेली बाई.