जिभेखाली

ऐरोलीच्या केंद्रात मी गोळ्या कुटते.
खलबत्ता नाही, स्टीलचे दोन चमचे,
एकात गोळी, वरून दुसऱ्याची पाठ. कर्र.
अख्खी दिली तर गालात दाबून नेतील, बाहेर विकतील,
असं नियमात आहे.
म्हणून भुकटी. जिभेखाली. माझ्यासमोर.
विरघळेपर्यंत सात मिनिटं
बोलायचं नाही.

यल्लव्वा दिघ्याहून येते, खाणीवरून.
ती दगड फोडते, मी गोळी.
हे मी एकदा तिला म्हणालेही, हसेल म्हणून.
तोंडात औषध होतं. हसली नाही.

रांग पुरुषांची. त्यात बायका तीन.
एक मुंब्र्याहून येते, दोन रिक्षा बदलून,
तिचं नाव मी पुकारत नाही,
बोटानंच बोलावते.

यल्लव्वाचा फॉर्म मीच भरलेला.
वय : अंदाजे चौतीस.
व्यसन कधीपासून?
म्हणाली, कंबर कवापास्नं ते सांगते.
सुरुंगाचा उडालेला दगड,
पत्र्याच्या दवाखान्यातला डॉक्टर,
दिवसाला एक सुई, मग दोन,
मग सुई चुकली की हाडांत मुंग्या,
नाकाला धार,
पाटी उचलायला हातच येईनात.
रकान्यात एवढी जागा नव्हती.
मी लिहिलं : पाच वर्षे.

पुढचा रकाना, प्रवर्ग.
विमुक्त, ती म्हणाली. न अडखळता.
सरकारी शब्दांतला हा एक तिला पाठ होता.
लिहिला, आणि माझं पेन थांबलं.
कागदाच्या माथ्यावर छापलेलं, व्यसनमुक्ती.
खाली माझ्या अक्षरात, विमुक्त.
आणि समोर स्टुलावर ती,
घामानं थबथबलेली,
कशातूनच न सुटलेली.

रविवारी मी वाशीला असते.
सेक्टर सतरा, तिसरा मजला, चपला बाहेर.
ऋजुता मॅडम येतात. मणक्याचं ऑपरेशन झालं,
तेव्हाच्या गोळ्या सुटल्याच नाहीत.
त्यांच्या फाइलीत व्यसन हा शब्द नाही.
वेदना व्यवस्थापन.
औषध तेच. कंपनीसुद्धा तीच.
मी त्यांना अख्ख्या पट्ट्या देते, चौदा दिवसांच्या,
कागदी पिशवीत घालून,
आणि त्या लिफ्ट येईपर्यंत
लेकीच्या दहावीचं बोलत राहतात.
वाईट नाहीत त्या. एकदा रात्रभर
बाथरूमच्या फरशीवर पडून होत्या,
नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.
दुखणं मी मोजत नाही कुणाचं.
चमचे मोजते.

यल्लव्वाला दोन दिवसांचं औषध घरी मिळावं
म्हणून अर्ज केला होता.
रोज यायचं म्हणजे रोज अर्धी हजेरी बुडते,
मुकादम तोंड फिरवतो.
वरून विचारणा आली :
पक्कं घर आहे का? कुलपाचं कपाट?
घरात जबाबदार पुरुष?
कपाट आहे, मी लिहिलं. खोटं लिहिलं.
नामंजूर.

मंगळवारी ती आली एक वाजून दहा मिनिटांनी.
खिडकी एकला बंद होते.
मी आतच होते, डबा उघडून बसलेली,
तेव्हा दिसली नाही असं म्हणता येणार नाही.
तिनं काचेवर टकटक केली नाही.
थोडा वेळ उभी राहिली,
मग वॉचमननं काहीतरी सांगितलं
आणि ती गेली.
मी रजिस्टरात तिच्यापुढं फुली मारली.

बुधवारी सगळ्यांच्या आधी दारात.
डोळे तारवटलेले, ओठ फाटलेले.
रात्र कशी काढली, मी विचारलं नाही.
तिनं तोंड उघडलं.
जिभेवर पांढरी भुकटी.
क्षणभर वाटलं, हिला कुणी आधीच दिलं की काय.
खाणीची धूळ होती.

पाणी दिलं. चूळ भरली तिनं. मी गोळी कुटली.
पंख्याचा आवाज, घड्याळ,
रांगेत कुणाचा तरी खोकला.
सात मिनिटं झाली, तोंड पुसलं तिनं पदरानं,
उठता उठता म्हणाली,
काल भेंडी होती ना, बाई, डब्यात?