खटका

बिशप्स कासलच्या चढावर, गोठ्यामागे
लष्करी हिरवा ट्रेलर. रंगाखाली अजून
कुठल्याशा पलटणीचा पुसट आकडा.
पैसे देऊन झाले. वळायला जागा नव्हती,
म्हणून जीप मागे घेतली
तर ट्रेलरचे ब्रेक करकचून लागले.
चाकं चिखलात, जागच्या जागी.

"त्याला वाटतं, तू थांबतोयस,"
ओल्वेन म्हणाली. "तो तुला रेटो की तू त्याला,
दांडा आत गेला की तो ब्रेक लावतो.
बिचाऱ्याला फरक कळत नाही.
वीतभर पुढे घे. बास."

गमबूट चिखलात रोवून ती वाकली,
हातोडीच्या मुठीनं गंजका खटका उचलला
आणि दांड्याच्या फटीत बसवला.
"आता ये."
आलो. मुकाट, सरळ, पार भिंतीपर्यंत.

चाळीस वर्षं इव्हर गाडीत बसायचा,
ही उतरायची. गारांत, काळोखात,
एकदा तर सातवा महिना असताना.
"गाडी मलाही यायची की,"
ती हातोडीला म्हणाली, मला नाही.

"हा काढायचा कधी?" मी विचारलं.
"काढायचा नसतो.
पुढे ओढलंस की आपला आपण पडतो."

पहिला गिअर टाकला.
मागे लोखंडात बारीकसं
टक्.

आरशात ती तशीच उभी,
मान किंचित कलती, ऐकत.
मग फाटक लावायचं विसरून
आत गेली.