मेलेल्याचं काम

शाळू काढून झाला की चंदन-वंदनच्या पायथ्याला
दरवर्षी एक लढाई होते.
साडेचारला गड पडतो,
पाचला चहा.

तीन वर्षं मी तिथं मेलेल्याचं काम करते.
एरवी वाई आगारात कंडक्टर.
तलवार मागितली तेव्हा शिंगटे सर म्हणाले,
बाई, पुराव्यात बसत नाही.
मग जरा मऊ होऊन,
मढं चालेल. पालथं.
मढ्याला बाई-बाप्या नसतो.

सरांचा पुरावा कडक.
सकाळी रांगेत उभं करून
अंगरख्याची शिवण बघतात.
बटण दिसलं की घरी.
मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा उरलेला असतो ना,
त्यालाही राख चोळायला लावतात.
भाकरीबरोबर ठेचा चालतो, बटाटा नाही.
स्वतःचा चष्मासुद्धा डबीत, डबी पिशवीत,
पिशवी वडाखाली ठेवतात,
आणि मग त्यांना वड दिसत नाही.

दस्तगीर शिकलगार माझ्या शेजारी मरतो.
याच्या खापरपणज्यानं म्हणे
याच गडावरच्या पात्यांना धार लावली.
हा आमच्या सगळ्या तलवारी बोथट करून देतो,
कुणाला लागू नये म्हणून.
वाटणीत मात्र नाव वाचून सरळ पलीकडं.
एकदा म्हणाला, सर, पलीकडं शिंगटे पण असतील की.
असतील, सर म्हणाले, होतेच.
पण बघणाऱ्याला कळायला पाहिजे ना.

धसकटं पोटात टोचतात.
दस्तगीर ओठ न हलवता विचारतो,
कानात मुंगी गेली का?
गप, मेलायस तू.
तुझ्याआधी, तो म्हणतो.
संपत कांबळेची हलगी दोरीच्या बाहेरनं वाजते,
त्याला आत घ्यायचं दरसाल ठरतं
आणि राहतं.
मातीला गाल लावून पडलं
की नुसते पाय दिसतात.
पायावरनं बाजू कळत नाही.

बांधावर एक वीरगळ आहे.
खाली लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या बाया,
सगळ्यात वर पिंडीपुढं हात जोडून तो.
तिन्ही ठिकाणी तोंड पावसानं पुसलेलं.
तिच्यामागं मी पाण्याची बाटली लपवते,
प्लॅस्टिकची.

यंदा सव्वाचारला वारं सुटलं.
धुळीत निशाणवाला कोलमडला,
सर एकटेच,
ढाल कुठं, बाजू कुठं,
चाचपडत आले ते माझ्यावरच अडखळले.
वाकले. फेट्याखालचं माझं तोंड
अगदी वीतभरावरनं बघितलं
आणि म्हणाले,
ऊठ गड्या, एवढ्यात मरतोस काय!

हातात तलवार दिली.
बोथट, पण वजन खरं.

काय सांगू, उठले.
पळताना तोंडातनं सवयीनं निघालं,
पुढं सरका, पुढं सरका!
आणि माणसं सरकली.
दोन्हीकडची.

साडेचारला गड पडला, नेहमीसारखा.

चहाला सर चष्मा घालून आले.
माझ्या हातातली तलवार बघितली, मग मला.
कपावरची साय बोटानं काढली,
ती कुठं पुसावी कळेना, धोतराला पुसली.
कुणी काही बोलेना.
मग त्यांनी माझी बाही धरली,
उलटी केली, उजेडात नेली.
अस्तर नायलॉनचं आहे बाई.
पुढच्या वर्षी सुताचं लावून या.

बरं, म्हणाले मी.
काहीतरी आणखी म्हणायचं होतं,
ते घेऊन मागं वळले.
शिट्टी कधीच झाली होती,
पोरं दोरी गुंडाळत होती,
आणि शेतात दस्तगीर तसाच पडून,
एक डोळा उघडा ठेवून.
त्याला अजून कुणी
ऊठ म्हणालं नव्हतं.