वहीतला एक आकडा

रोज सकाळी सातला वेल्लो नळीत फुंकतो.
छाती भरून श्वास, मग जोरात, मग आणखी,
पार बेंबीच्या देठापासून.
यंत्र आकडा देतं, तो वहीत उतरवतो,
तीस वर्षं फेरीबोटीवर इंजिनाचा दाब उतरवला तसा:
तारीख, वेळ, आकडा, सही.
सही कशाला रे?
म्हणाला, फुफ्फुसं दुसऱ्याची आहेत, हेल्वे.
हिशेब चोख हवा.

तार्तूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं:
शरीर म्हणजे अंगणातला कुत्रा.
नवा पाहुणा दिसला की फाडून खाईल.
म्हणून त्याला गुंगीत ठेवायचं,
सकाळी आठ, रात्री आठ, घड्याळ लावून.
वेल्लोनं विचारलं, आणि चोर आला तर?
बाई चष्मा पुसत राहिल्या जरा वेळ.
चोरासाठी, म्हणाल्या, तुम्ही दोघं जागे राहा.

तेव्हापासून मी जागी आहे.
दुकानात कुणी शिंकलं
की भरलेली टोपली तिथंच सोडून बाहेर.
शेजारच्या लाइनेचा साठावा वाढदिवस आम्ही फोनवर ऐकला.
ऑक्टोबरात सगळ्या बेटाच्या नाकाला पाणी
आणि माझ्या पोटात गोळा.
रास्मुस, आमचा नातू, वय वर्षं पाच,
यायचा तो खिडकीपर्यंतच.
काचेला नाक लावून विचारायचा,
आजोबा, आज किती?

नोव्हेंबरात २.९१. मग २.९०. मग २.८८.
मग एका सकाळी २.५९.
वेल्लोनं पुन्हा फुंकलं. पुन्हा २.५९.
दहा टक्के उतरलं तर फोन करा, असं सांगितलेलं.
पण अंगात कणकण नाही, खोकला नावाला.
ताप चढवायलाही
कुत्रा जागा लागतो.

रात्रीची शेवटची फेरी त्याच्या जुन्या सोबत्यांनी
अकरा मिनिटं थांबवून धरली.
रुग्णवाहिका चढली, कुणी भोंगा वाजवला नाही.
अलीकडे काळं पाणी, पलीकडे काळं पाणी,
मध्ये तो, ऑक्सिजनच्या मुखवट्याखाली,
इंजिनाचा आवाज ऐकत.
दुसरा सिलिंडर चुकतोय, म्हणाला.

विषाणूचं नाव तीन अक्षरी, लहान मुलांचा म्हणतात त्याला.
पोरांना चार दिवस शेंबूड, मग पुन्हा उड्या.
वेल्लोला बावीस दिवस.
सातव्या दिवशी बाईंनी
गेल्या महिन्याचे आकडे मागितले.
मी वही उघडली आणि बोट एका ओळीवर अडलं:
सहा नोव्हेंबर, दुपारी चार दहा, १.१२.
सहीच्या जागी
वाकडंतिकडं एकच अक्षर, रास्मुसचं.

दुपारी चार दहाला
मी औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते,
वेल्लोच्याच गोळ्यांसाठी.

दार त्यानं उघडलं असणार.
एकच नळी, आधी याच्या तोंडात, मग त्याच्या,
की आधी त्याच्या?
पोराला खुर्चीवर उभं केलं असणार,
फुंक, फुंक, आणखी, पार बेंबीपासून,
आणि दोघं हसले असणार, खूप.
मी नसताना.

नर्स म्हणाली, हा १.१२ कसला?
मी म्हटलं, यंत्र बिघडलं होतं.
वेल्लोनं पलंगावरून माझ्याकडे पाहिलं.
मी नाही पाहिलं.
लेकीचा फोन आला, मारिका विचारत होती,
आई, आमच्याकडून तर नाही ना गेलं?
मी म्हटलं, छे, साथच आहे.
दोन खोटी बोलले त्या दिवशी.
एक रागानं. कुठलं, ते अजून ठरत नाही.

तो घरी आला २.२१ घेऊन.
बाई म्हणाल्या, गेलेलं आता परत येत नाही.
हे धरून ठेवा.

या हिवाळ्यात जुनं यंत्र रास्मुसला देऊन टाकलं.
सकाळी शाळेत जाता जाता
तो खिडकीबाहेर, बर्फात, गाल फुगवून फुंकतो
आणि आकडा काचेला चिकटवून दाखवतो.
आज १.३४.
वेल्लो आतून फुंकतो. २.१९.
एकाखाली एक लिहितो, दोन सह्या,
बाहेरच्याची सही स्वतःच गिरवतो
आणि खाली रेघ मारून बेरीज करतो.

त्या बेरजेला काही अर्थ नाही, मी सांगून पाहिलं.
३.५३, तो म्हणाला.
कालच्यापेक्षा जास्त आहे.